नंजप्पाची नाडी

माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला मॅडम स्टेजवर आल्या, त्यांनी कुंकवाचा करंडा आईच्या हातात दिला आणि माझं मनगट धरलं. मागे रांग खोळंबली होती. फोटोग्राफर "इकडे बघा, इकडे बघा" करत होता. मॅडम मात्र साडीला टाचलेल्या नर्सच्या उलट्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. पूर्ण एक मिनिट. मग म्हणाल्या, "एकशे बारा. नवरीला चालतं." तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं, पण त्यांनी नवऱ्याचंही मनगट घेतलं. आणखी एक मिनिट. मग माझ्याकडे वळून, शेजारी सासूबाई उभ्या असताना, म्हणाल्या, "अडुसष्ट. हा फारच निवांत आहे ग. नीट चौकशी केलीस ना?"

सासूबाईंना वाटलं, या ज्योतिषीण असाव्यात. घरी गेल्यावर त्यांनी अडुसष्टचा अर्थ विचारला होता.

मॅडम आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होत्या. ठेंगण्या, पांढरी स्टार्च केलेली साडी, पायांत मुलांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट. दिसेल त्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. पोस्टमनचं पत्र घेता घेता धरत, भाजीवालीचं धरत. बसच्या कंडक्टरचं एकदा धरलं तेव्हा त्याला वाटलं बाई तिकिटावरून भांडायला उठल्या, आणि त्याने आधीच माफी मागून टाकली. "कशा आहात" असं त्यांना विचारलं तर "बरी आहे" हे उत्तर कधी मिळायचं नाही. "शहात्तर, नियमित," असं मिळायचं. "बरी म्हणजे काय? आंबा बरा असतो."

त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी चक्रावले होते. माझे वडील सांगलीकडून बंगळुरात येऊन पीण्या भागातल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलेले, त्यामुळे आमच्या घरचं मराठी तिकडचं. मॅडमचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलं. त्यांच्या मराठीत अर्धी कन्नड मुरलेली होती आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्याकडे कुणी वापरत नाही असे शब्द होते. त्या म्हणायच्या, "आमचे लोक घोड्यावरून आले, तुझा बाप रेल्वेनं. म्हणून मी खरी मराठी आणि तू पाहुणी." वर्गात त्या सगळ्यांशी इंग्रजी आणि कन्नड बोलत. माझ्याशी मराठी बोलत ते फक्त रागावताना, इतर मुलींना कळू नये म्हणून. त्यामुळे झालं असं की मॅडमनी मराठीत तोंड उघडलं की चाळीस मुली माझ्याकडे दयेने बघायच्या.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. शहरात जिकडेतिकडे कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मनाने घेतलं की आपल्या नर्सिंगच्या मुलीही मागे राहता कामा नयेत. हॉस्पिटलातल्या सगळ्या नोंदी अजून कागदावरच होत्या. पण अध्यक्ष म्हणाले, पुढेमागे रुग्णांची नोंद कॉम्प्युटरवरच होणार, तर आपल्या मुली आधीच शिकून तयार असू देत. एक कॉम्प्युटर आला, एक खडखडणारा प्रिंटर आला, आणि नोंदींचा प्रोग्रॅम लिहायला एक पुण्याचा प्रोग्रॅमर आला.

कॉम्प्युटर ठेवायला प्रॅक्टिकलची खोली मिळाली, कारण पडदे तिथेच होते. तिथे खाटेवर आमचा डमी निजलेला असायचा. रबरी, फिकट गुलाबी रंगाचा, पोटाचं झाकण काढता येणारा. कॉम्प्युटर आला म्हणून खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. मॅडमनी त्यात भर घातली. म्हणाल्या, "चपलांबरोबर 'बहुतेक' हा शब्दही बाहेर काढून ठेवायचा. आत आल्यावर बहुतेक ताप आहे, बहुतेक झोपला, असलं चालणार नाही."

बाकीच्या कुणीही डमीला डमीच म्हटलं असतं. मॅडमनी पहिल्या तासाला त्याची ओळख करून दिली. "हे नंजप्पा. वय अठ्ठावन्न. यशवंतपूरच्या बाजारात कांदे-बटाट्याचा होलसेल धंदा. दोन मुली, दोघी दिलेल्या. साखरेचा आजार आहे आणि मैसूरपाक चोरून खातात. विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत, आणि विचारलं तर पहिल्यांदा खोटं सांगतात."

आणि मग त्या पडद्यामागे जाऊन बसल्या.

पडद्यामागून नंजप्पा बोलायचे. मॅडमचा आवाज मुळात चिमणीसारखा, पण नंजप्पा झाल्या की पोत्यावर बसलेल्या अडत्याचा घोगरा आवाज कुठून यायचा देव जाणे. आम्ही चौघी-चौघी जायचो. एकीने विचारायचं, एकीने तपासायचं, एकीने कॉम्प्युटरवर नोंद करायची, एकीने हसायचं नाही याकडे लक्ष ठेवायचं. हे चौथं काम सगळ्यांत कठीण होतं.

"सकाळी काय खाल्लं, नंजप्पा?"

"काही नाही. स्वल्प गंजी, थोडीशी पेज."

"गोड काही?"

"गोडाला मी हात लावत नाही, सिस्टर."

"मग उशीखाली काय आहे?"

उशीखाली खरंच मैसूरपाकाचा तुकडा असायचा. उशी उचलून बघितली नाही तर त्या दिवशीची नोंद चुकीची, आणि बघितली तर तुकडा आमचा. या पद्धतीने आम्ही उशी उचलायला जन्माच्या शिकलो. आजही कुणाच्या घरी आजाऱ्याला भेटायला गेले की माझा हात उशीखाली जातो.

रबरी माणसाला नाडी कुठून असणार? त्याचाही बंदोबस्त होता. मॅडम पडद्यामागे चमच्याने किडनी ट्रेवर, म्हणजे त्या घेवड्याच्या आकाराच्या स्टीलच्या तबकावर, ठोके द्यायच्या. आम्ही नंजप्पांच्या मनगटावर बोटं ठेवून टक टक मोजायचो. किती ठोके देणार तो आकडा मॅडम आधी चिठ्ठीवर लिहून ठेवत आणि नंतर आमच्या आकड्याशी ताडून बघत. श्वासासाठी चादरीखाली फुटबॉलचा ब्लॅडर होता आणि त्याला सायकलचा पंप. पंप मारायला मेसमधल्या स्वयंपाकीण गौरम्मा यायच्या. आम्हांला हसू फुटलं की गौरम्मांनाही फुटायचं, पंप जोरात चालायचा आणि नंजप्पांचा श्वास मिनिटाला साठावर जायचा. मग मॅडम पडद्यामागून, नंजप्पांच्याच आवाजात, "मला धाप लागलीय, आणि तुम्ही चौघी हसताय" असं म्हणायच्या. त्याने काय होणार? श्वास सत्तरावर.

गौरम्मांना हळूहळू नंजप्पांच्या बायकोची भूमिका मिळाली. मिळाली म्हणजे त्यांनीच घेतली. एके दिवशी त्या डबा घेऊनच आल्या आणि आम्हांला दरडावून म्हणाल्या, "यांना काल आंघोळ घातली नाही का? पाय बघा." डमीच्या पायावर खरंच धूळ होती.

आता प्रोग्रॅमबद्दल सांगते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि ओळीने रकाने. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, भूक, झोप, शौच, वेदना. एक रकाना भरला की कर्सर पुढच्यात जायचा. रिकामा ठेवला की कॉम्प्युटर "पीं" करून ओरडायचा आणि खाली लाल पट्टी यायची की रकाना रिकामा ठेवता येणार नाही. काहीतरी भरेपर्यंत तो ओरडत राहायचा. गौरम्मांना तो आवाज अजिबात आवडत नव्हता. "भरा ग काहीतरी त्याच्या तोंडात," म्हणायच्या.

एका दुपारी मी तेच केलं.

त्या दिवशी नोंदीचं काम माझं होतं. आमच्या गटाला उशीर झाला होता आणि मला पीण्याची बस गाठायची होती. बाकीच्या तिघी भुकेबद्दल नंजप्पांशी हुज्जत घालत होत्या, आणि ते काही उत्तर देत नव्हते. रुसले असतील, असं आम्हांला वाटलं. नाडीच्या रकान्यावर कॉम्प्युटर पीं पीं करायला लागला. मी सरळ बहात्तर लिहिलं. श्वास अठरा. प्रिंट काढला, खर्र खर्र करत कागद बाहेर आला, आणि मॅडम पडद्यामागून बाहेर आल्या.

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. परत वाचला. मग माझ्याशी मराठीत बोलायला लागल्या.

"चमचा किती वेळा वाजला?"

मी पडद्याकडे बघितलं.

"एकदाही नाही. पंप किती वेळा मारला? गौरम्मा तर पाव तास माझ्या शेजारी हात बांधून बसल्यात. तुझे नंजप्पा वारले ग. वारून पंधरा मिनिटं झाली. आणि तू त्यांना बहात्तर ठोके देतेस?"

मी म्हणाले, "मॅडम, तो रिकामा ठेवूच देत नाही."

"तो कोण?"

मी कॉम्प्युटरकडे बोट केलं. मॅडमनी कॉम्प्युटरकडे असं बघितलं की तो मुलगी असता तर रडला असता. मग मला म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. त्याचं मी बघते. तू आता जाऊन घरच्यांना सांग."

"कुणाच्या घरच्यांना?"

"नंजप्पांच्या. बायको व्हरांड्यात उभी आहे."

गौरम्मा खरंच मागच्या दाराने व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात डबा. मी गेले. मागे तीन मुली ओढणीत तोंड दाबून हसत होत्या, मलाही हसूच येत होतं. मी कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, नंजप्पा गेले."

गौरम्मांनी डबा खाली ठेवला. विचारलं, "किती वाजता?"

मला सांगता येईना. कागदावर तर ते जिवंत होते.

"शेवटी जवळ कोण होतं?"

तेही सांगता येईना. जवळ मीच होते.

गौरम्मा खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं, आज भूमिका फारच रंगली. मग दिसलं की त्या रडताहेत. खऱ्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या वेळीही कुणाला सांगता आलं नव्हतं. मी दवाखान्याच्या दाराशी भात घेऊन बसले होते. विचारलं की म्हणायचे, ठीक आहेत, ठीक आहेत."

मी त्यांच्या शेजारी बसले. बस गेली. नंतर मॅडम आल्या, त्याही फरशीवर बसल्या आणि त्यांनी गौरम्मांचं मनगट हातात घेतलं. त्या वेळी मोजत नव्हत्या. मग आम्ही तिघींनी डब्यातला दहीभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीत शिरलो तर खाटेवर तोच डमी, पण ओठावर काजळाने काढलेली मिशी. मॅडम म्हणाल्या, "हे तम्मय्या. नंजप्पांचे धाकटे भाऊ. थोरल्या भावाचं काय झालं ते यांनी ऐकलंय, त्यामुळे नर्सांवर यांचा काडीचा विश्वास नाही." आणि खरंच, त्या दिवसापासून तम्मय्या दर नोंदीला पडद्यामागून विचारायचे, "मोजलंत की लिहिलंत?" गौरम्मा आता वहिनी झाल्या आणि तम्मय्यांना नंजप्पांपेक्षा जास्त धाकात ठेवायला लागल्या.

प्रोग्रॅमर दर गुरुवारी यायचा. चोवीस-पंचवीसचा, खूप बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याच्या मराठीत दर तिसरा शब्द इंग्रजी. मॅडमनी त्याला पहिल्यांदा मराठीत हाक मारली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. मॅडम मराठी रागावण्यासाठी राखून ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं.

"मला एक बटण पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "मोजलं नाही, असं लिहायचं बटण."

"मॅडम, तसा ऑप्शन देता येणार नाही. सिस्टिमला कम्प्लीट डेटा लागतो. अध्यक्षांचीच इन्स्ट्रक्शन आहे, एकही फील्ड ब्लँक नको."

"मी रिकामं म्हणतच नाही. मोजलं नाही, हे लिहायचंय. आणि का नाही, तेही."

"पण मग रिपोर्ट चांगला नाही दिसणार."

"सरी," मॅडम म्हणाल्या. "बूट काढ आणि झोप."

"कुठे?"

"तम्मय्यांच्या जागी. त्यांना आज सुट्टी."

मॅडमना नाही म्हणायची पद्धत त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हती, मग पुण्याहून आलेल्याला कुठून असणार? तो खाटेवर आडवा झाला. गौरम्मांनी त्याला हनुवटीपर्यंत चादर घातली. मग मॅडमनी आम्हां चौघींना कॉम्प्युटरपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "त्याच्याकडे जायचं नाही. विचारायचं नाही. कॉम्प्युटर मागेल ते द्या."

पाच मिनिटांत नोंद झाली. प्रिंट त्याच्या हातात दिला. तो झोपल्या झोपल्या मोठ्याने वाचायला लागला. "नाडी बहात्तर. श्वास अठरा. भूक, उत्तम. झोप, शांत, आठ तास. शौच..." तो थांबला. "शौच, दोन वेळा, समाधानकारक?"

आमच्यातली एक पडद्याला धरून खाली बसली.

"पण हे खरं नाहीये," तो म्हणाला. "आठ तास? मी तीन दिवस झोपलेलो नाही, आमची डेडलाइन आहे. सकाळपासून एक कॉफी प्यायलोय फक्त. आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं तर मला कुणी विचारलंच नाही."

"पण रिपोर्ट किती चांगला दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

त्याने कागद उशीखाली सारला. मग चादर तशीच अंगावर ओढून कूस बदलली, म्हणाला, "मॅडम, एफ नाईन की रिकामी आहे. ती देतो तुम्हांला," आणि बोलता बोलता झोपला. गाढ. मॅडमनी वर्ग व्हरांड्यात घेतला. दोन तासांनी तो उठला तेव्हा गौरम्मांनी त्याला बिसीबेळेभात वाढला, आणि एका मुलीने येऊन त्याची नाडी खरोखरीची मोजली. चौऱ्याऐंशी. त्या मुलीशी त्याचं पुढे काही जुळलं का, असं लोक मला विचारतात. नाही जुळलं. ती म्हणाली, हा घोरतो.

पुढच्या गुरुवारी बटण आलं. एफ नाईन दाबलं की पीं न करता रकान्यात अक्षरं उमटायची, "मोजलं नाही", आणि पुढे कारण लिहायला जागा. आठवडाभर आम्हांला त्याचं वेडच लागलं. मोजलं नाही, कारण पेशंट शौचास गेला आहे. मोजलं नाही, कारण वहिनींनी जवळ येऊ दिलं नाही. मोजलं नाही, कारण मी घड्याळ घरी विसरले. ही शेवटची नोंद वाचून मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी ती भिंतीवर लावली.

या बटणाची गोष्ट आमच्या प्राचार्यांना मात्र आवडली नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त गोष्टी पूर्ण असलेल्या आवडायच्या. वर्षाअखेरीला अध्यक्ष आणि विश्वस्त कॉम्प्युटरचं शिक्षण बघायला येणार होते. पसंत पडलं तर आणखी मशीन्स येणार होती. आणि मॅडमचं निवृत्तीचं वय उलटून दोन वर्षं झाली होती, त्यांची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागायची. ती सहीसुद्धा अध्यक्षांचीच. प्राचार्यांनी आम्हांला बोलावून सांगितलं, "सगळे रकाने भरायचे. ते बटण वापरायचं नाही. मिशी पुसा. स्वयंपाकीणबाई खोलीत नकोत." मग माझ्याकडे बघून, "टायपिंग तू करशील. मागच्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसणार नाही, म्हणून प्रत्येक नोंद मोठ्याने वाचायची."

बाहेर आल्यावर मी मॅडमना विचारलं, "काय करू?" त्या म्हणाल्या, "त्या प्राचार्या आहेत. त्या म्हणतील तसं कर." हे त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांवर विश्वस्त, मागे शिक्षिका, भिंतीला टेकून सगळ्या मुली. मिशी पुसली होती, पण काजळाची सावली राहिली होती, त्यामुळे तम्मय्या दाढी न केल्यासारखे दिसत होते. गौरम्मा खोलीत नव्हत्या. त्या पडद्यामागे होत्या, पंप घेऊन. पडदा म्हणजे खोली नव्हे, असं मॅडमचं म्हणणं.

सुरुवात छान झाली. ताप लिहिला, वाचला. टाळ्या पडल्या. मग नाडी. माझ्या मैत्रिणीने तम्मय्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, पडद्यामागून टक टक सुरू झाली, आणि नेमके त्याच वेळी अध्यक्ष उभे राहिले. मोठे भले गृहस्थ, कानाने जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलायचे मोठ्याने. त्यांना राहवलं नाही. त्यांच्या लहानपणी गावात नर्स नव्हती, वैद्य बैलगाडीने यायचा, आणि आज बघा, हे यंत्र. ते बोलत राहिले. मैत्रिणीने माझ्याकडे बघून मान हलवली. हरवलं. तिने परत सुरुवात केली. बैलगाडी परत मधे आली. इकडे कॉम्प्युटर पीं करायला लागला. प्राचार्या मला डोळ्यांनी सांगत होत्या, भर.

माझं बोट सातावर होतं. सात आणि दोन, दोनच बटणं. मला व्हरांडा आठवला, किती वाजता असं विचारणारा तो चेहरा आठवला, आणि मी एफ नाईन दाबलं. कारण लिहिलं. मग आज्ञेप्रमाणे मोठ्याने वाचलं.

"नाडी. मोजलं नाही. कारण, अध्यक्षसाहेब बोलत असल्यामुळे ठोके ऐकू आले नाहीत."

बैलगाडी थांबली. प्राचार्यांनी डोळे मिटले. कुणीतरी खोकलं.

अध्यक्ष म्हणाले, "एनु? परत वाच."

मी परत वाचलं. या वेळी माझा आवाज उंदरासारखा आला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, खाटेवरच्या तम्मय्यांकडे बघितलं. मग सावकाश खुर्चीत बसले. म्हणाले, "सरी. आता मी गप्प बसतो. मोज."

आणि ती अख्खी खोली एक मिनिट गप्प बसली. साठ-सत्तर माणसं, विश्वस्त, शिक्षिका, मुली. पडद्यामागचा चमचा तेवढा वाजत होता. टक टक टक टक. मी इतकी शांतता नंतर कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये ऐकली नाही. बघते तर अध्यक्ष स्वतःच्या घड्याळाकडे बघून ओठ हलवत होते. तेही मोजत होते.

"एकशे चार," मैत्रीण म्हणाली.

"एकशे चार," अध्यक्षही म्हणाले, अगदी खूश होऊन. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे जास्त नाही का? याला काय झालंय?"

एवढ्यात पडदा बाजूला करून मॅडम बाहेर आल्या. उजव्या हातात चमचा होता. म्हणाल्या, "त्याला काही नाही झालं, साहेब. आज मी आकड्याची चिठ्ठी आणायला विसरले. ऐन वेळी ठोके कुठून आणू? डाव्या हाताची बोटं गळ्याला लावून माझीच नाडी बघत होते, ती देत गेले. एकशे चार माझी आहे."

"तुम्हांला बरं नाही?"

"बरी आहे," मॅडम म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून आम्ही सगळ्या दचकलो. "स्वल्प भीती वाटली. नोकरी आहे ना."

मग अध्यक्ष हसले. ते हसले म्हणून विश्वस्त हसले, विश्वस्त हसले म्हणून आम्हांला परवानगी मिळाली, आणि पडद्यामागे गौरम्मांच्या हातातला पंप सुटून तम्मय्यांनी असा काही दीर्घ निःश्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातला कॉफीचा कप पडला.

मुदत एका वर्षाने वाढली. मशीन्स सहा म्हणाले होते, दोन आली. प्राचार्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, आणि मग एके दिवशी स्वतःच येऊन विचारून गेल्या की ते बटण कुठलं. प्रोग्रॅमर सगळ्यांसारखा अमेरिकेला गेला. मी परीक्षा पास झाले, पण तिथल्याच वॉर्डात लागले, त्यामुळे मॅडम रोज दिसायच्या.

वर्ष संपलं तेव्हा परत मुदत वाढवून देत होते. मॅडमनीच नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला नाही, म्हणूनच. कंटाळा येईपर्यंत थांबलं की मुली ओळखतात."

शेवटच्या दिवशी आम्ही पंधरा-वीस जणी त्यांना बसस्टॉपवर सोडायला गेलो. हार, फुलं, कुणाचं रडणं, गौरम्मांनी दिलेला भला मोठा पितळी डबा. मॅडम वैतागल्या होत्या. "मल्लेश्वरमला चाललेय ग मी, काशीला नाही. वीस मिनिटांवर घर आहे." बस आली. त्यांनी साडी आवरली, डबा काखेत मारला आणि टुणकन चढल्या. बस हलल्यावर माझं पाटीकडे लक्ष गेलं. मी खिडकीबरोबर धावत, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, म्हणाले, "अक्का, उतरा, ही केंगेरीची बस आहे. उलटी चाललीय."

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गळ्यातला हार वाऱ्याने त्यांच्या तोंडावर उडत होता, तो बाजूला करत म्हणाल्या, "माहीत आहे ग. चढताना वाचलं मी. घरी लगेच जाऊन काय करायचंय? स्वल्प फिरून येते."